कार्ल्याचं लेणं कुणाच्या पैशातून उभं राहिलं?

कार्ल्याला जाऊन आलेल्यांना विचारा की हे लेणं कुणी खोदलं. दोन उत्तरं येतात: पांडवांनी, नाहीतर सातवाहन राजांनी. पहिल्या उत्तराशी वाद घालण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात डोंगराच्या कड्यात चौकोनी भोक दिसलं की ते पांडवांच्या खात्यावर जमा होतं, आणि तेही एका रात्रीचं काम म्हणून. दुसरं उत्तर शाळेच्या पुस्तकातून आलेलं आहे, म्हणून जास्त चिवट. लेणं सातवाहनांच्या काळातलं आहे हे खरं. पण तिथलं मोठं चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेचं दालन, कुणा राजाने खजिना उघडून करून घेतलेलं नाही. त्याचा खर्च शेठजींनी, सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याने, एका भिक्षुणीने, सोपाऱ्याच्या एका भिक्खूने आणि स्वतःला 'यवन' म्हणवणाऱ्या काही माणसांनी वाटून घेतला. हा तर्क नाही. त्यांची नावं तिथेच, त्यांनी दिलेल्या खांबांवर आणि दारांवर ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत.

आपल्याकडच्या देवळांत पंख्याच्या पात्यावर, फरशीवर, बाकाच्या पाठीवर देणाऱ्याचं नाव असतं: 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. पंखा फिरू लागला की नाव वाचता येत नाही, तो भाग वेगळा. कार्ल्यातली पद्धत हीच आहे, फक्त सुमारे दोन हजार वर्षं जुनी. हा खांब अमक्याचा, ही वेदिका म्हणजे कठडा तमकीचा, हे दार त्या गावच्या गंध्याचं. लेणं बघायला जाणारे वर छताकडे बघतात, फोटो काढतात आणि परततात. ही नावं कोणती आणि ती तिथे का आहेत, हे माहीत असेल तर तेच लेणं वेगळं दिसतं. म्हणून हा लेख.

हे इथेच का?

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने निघालं की मळवली स्टेशनवर उतरायचं. रुळांच्या उत्तरेच्या डोंगरात कार्ल्याची लेणी, दक्षिणेच्या डोंगरात भाज्याची. त्याच डोंगररांगेच्या पलीकडच्या अंगाला, पवन मावळात, बेडसे. मधल्या दरीतून इंद्रायणी वाहते. आज या दरीतून रेल्वे जाते, जुना मुंबई-पुणे रस्ता जातो आणि द्रुतगती मार्गही जातो. तिघांचंही कारण एकच: कोकणातून घाटावर चढायला बोरघाटाची वाट सोयीची आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही तेच होतं. वाहनं बदलली, चढ तोच राहिला.

घाटाखाली कल्याण, सोपारा, चौल ही बंदरं. घाटावर जुन्नर, पैठण, तेर ही बाजारपेठेची गावं. इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेली समुद्रव्यापाराची एक माहितीपुस्तिका आजही उपलब्ध आहे, तिच्यात या बहुतेक ठिकाणांची नावं येतात. बैलांच्या पाठीवर माल लादून तांडे या वाटेने चढायचे-उतरायचे. तांड्याला मुक्काम लागतो, पाणी लागतं. लेण्यांजवळ दगडात खोदलेली पाण्याची टाकी जागोजागी दिसतात. व्यापारी आणि भिक्खू एकाच वाटेवर राहत होते, आणि दोघांचंही एकमेकांवाचून अडत होतं.

भिक्खूंची बाजूही समजून घेऊ. बौद्ध भिक्खूने वर्षभर फिरत राहायचं, पण पावसाळ्यात एका जागी थांबायचं, असा नियम. याला वर्षावास म्हणतात. आता मावळातला पाऊस आठवा. लोणावळ्याच्या आषाढ-श्रावणात कुडाच्या झोपडीत चार महिने काढून बघावेत, मग दगडी कोठडीची किंमत कळते. कार्ल्याच्या डोंगरात एकूण १६ लेणी आहेत. त्यांतली बहुतेक अशी राहण्याची, म्हणजे विहार: मधे सभामंडप आणि कडेने छोट्या खोल्या, खोलीत दगडाचाच ओटा. आठव्या क्रमांकाचं लेणं मात्र राहण्यासाठी नाही. ते चैत्यगृह, म्हणजे जिथे सगळ्यांनी मिळून स्तूपाची पूजा करायची ती जागा. कार्लं प्रसिद्ध आहे ते या एका लेण्यासाठी.

शिलालेखांत या जागेचं नाव 'वलूरक' असं येतं आणि भोवतालच्या मुलखाचं 'मामाल'. मामाल म्हणजे आजचा मावळ. मुलखाचं नाव इतकी शतकं टिकलं आणि डोंगराचं मात्र पुसलं गेलं.

आत काय आहे

चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि तितकंच उंच आहे. खडकात कोरलेल्या भारतातल्या चैत्यगृहांमध्ये हे सर्वांत मोठं मानलं जातं. त्याचा काळ साधारण इ.स.चं पहिलं शतक आणि त्याच्या थोडं मागचं-पुढचं. भाजे त्याहून बरंच जुनं, इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं.

आत शिरलं की लांबच लांब दालन, दोन्ही हातांना खांबांची रांग, आणि टोकाला स्तूप. मागची भिंत सरळ नाही, अर्धगोल आहे, त्यामुळे खांबांची रांग स्तूपाच्या मागून वळसा घालून पुन्हा दाराकडे येते. खांब आणि भिंत यांच्यामध्ये जी अरुंद वाट उरते ती प्रदक्षिणेची. एकूण खांब ३७. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, आणि स्तूपामागे सात. बाजूच्या खांबांना खाली घटाचा आकार, वर उलट्या कमळासारखं शीर्ष, आणि त्याच्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती. हत्तींवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या बसल्या आहेत, दागिने घातलेल्या, निवांत. खांबाच्या मागे जाऊन प्रदक्षिणेच्या वाटेवरून वर बघितलं तर त्याच खांबाच्या त्या अंगाला घोडे दिसतात. हे फार लोक बघत नाहीत. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे अष्टकोनी आहेत, ना घट ना हत्ती. समोरून ते स्तूपाआड जातात, त्यामुळे तिथे कष्ट वाचवले असावेत.

स्तूप म्हणजे भरीव दगड. आत खोली नाही, गाभारा नाही. खाली गोल जोतं, त्यावर वेदिकेच्या म्हणजे कठड्याच्या नक्षीचे पट्टे, वर अर्धगोल अंड, त्यावर चौकोनी हर्मिका, आणि सगळ्यांच्या वर छत्री. ही छत्री लाकडाची आहे आणि ती जुनी आहे.

इथे क्षणभर थांबायला हवं, कारण कार्ल्याचं खरं नवल लाकडात आहे.

वर छताकडे पाहिलं की कमानीसारख्या वाकवलेल्या लाकडी फासळ्यांची रांग दिसते. बघणाऱ्याला वाटतं की छत यांनी तोलून धरलं आहे. प्रत्यक्षात त्या काहीच तोलत नाहीत. छत म्हणजे अख्खा डोंगर, तो स्वतःच्या ताकदीवर उभा आहे. फासळ्या उद्या काढून टाकल्या तरी एक खडा खाली पडणार नाही. मग त्या बसवल्या कशाला?

उत्तर असं की हे लेणं कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारत होती. त्या काळातली मोठी सभागृहं, वाडे, नगरांच्या वेशी लाकडाच्या असत. लाकडी खांब, वाकवलेल्या वाशांचं कमानदार छप्पर, पुढे मोठी कमान. त्या इमारती कधीच्या कुजून, जळून गेल्या. त्या कशा दिसत होत्या हे आज आपल्याला कळतं ते मुख्यतः अशा लेण्यांमुळे, कारण कारागिरांनी दगडात त्यांची हुबेहूब नक्कल केली. चैत्यगृह कसं दिसायला हवं याची लोकांच्या मनात एक प्रतिमा होती आणि तिच्यात छताला फासळ्या होत्या. दगडाला त्या नको होत्या, पण माणसांना हव्या होत्या.

भाज्याला गेलात तर ही नक्कल आणखी उघडपणे दिसते. तिथले खांब सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी छपराचा भार बाहेर रेटतो, म्हणून लाकडी इमारतीत खांब असे कलते रोवत. दगडात त्याची काही गरज नव्हती, तरी कारागिरांनी ते कलतेच कोरले. तिथल्या छताच्या लाकडी तुळयांवर ब्राह्मी अक्षरंही सापडली आहेत. बेडशाला दर्शनी व्हरांड्यातल्या प्रचंड खांबांवर प्राण्यांवर बसलेल्या जोड्या येतात. आणि कार्ल्याला पोहोचेपर्यंत आतले खांब ताठ उभे राहतात, अंगावर नक्षी येते. भाजे, बेडसे आणि कार्ले या क्रमाने बघितली तर दगडावरचा हात कसा मोकळा होत गेला ते समजतं. माझ्या मते तीनही लेणी याच क्रमाने बघावीत. पण एका दिवसात तिन्ही करण्याचा अट्टहास करू नये, कारण शेवटचं लेणं पायांच्या दुखण्यातच निघून जातं.

खोदकाम वरून खाली होत असे. आधी कडा तासून उभी भिंत करायची, मग वरून आत शिरून छत पूर्ण करायचं आणि तिथून खाली खाली यायचं. जमीन शेवटी. यात सोय अशी की परांची बांधावी लागत नाही, कारागीर उभा असतो तो न खोदलेल्या दगडावरच. गैरसोय एकच, पण मोठी: चुकलं तर जोडता येत नाही. खांब कुठे सोडायचा हे छत कोरतानाच ठरलेलं असावं लागतं. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे आणि दोन थरांमध्ये कधीकधी भुसभुशीत लाल पट्टा असतो. तेव्हा एकसंध, जाड थर निवडणं हे पहिलं काम. कार्ल्याचा दगड त्यांनी अचूक हेरला होता.

उजेडाची व्यवस्थाही समजून घेण्यासारखी आहे. दर्शनी भिंतीत खाली तीन दारं आहेत, मधलं मुख्य दालनाचं आणि दोन बाजूंच्या प्रदक्षिणेच्या वाटांची. पण उजेडाचा मोठा भाग येतो तो त्यांच्या वरच्या, घोड्याच्या नालेसारख्या आकाराच्या भव्य चैत्यगवाक्षातून. तिथून आत आलेला प्रकाश दालनात पसरतो आणि स्तूपावर येतो. बाजूच्या वाटा मात्र अंधारातच राहतात. दाराजवळ उभं राहून डोळे सरावेपर्यंत थांबलं तर हा फरक जाणवतो. एवढा वेळ थांबायला गर्दीच्या दिवशी कुणी देत नाही, ही गोष्ट वेगळी.

देणाऱ्यांची यादी

आता नावांकडे येऊ. व्हरांड्यात डाव्या टोकाला एक लेख आहे: 'वेजयंतितो सेठिना भूतपालेन सेलघरं परिनिठापितं जंबुदिपम्हि उतमं'. भाषा प्राकृत. अर्थ असा: वैजयंतीच्या भूतपाल शेठने हे शैलगृह पूर्णत्वाला नेलं, जंबुद्वीपात उत्तम असं. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. म्हणजे इतक्या दूरचा शेठ मावळातल्या लेण्यासाठी पैसा घालतो आणि वर 'अख्ख्या भारतवर्षात असं दुसरं नाही' हेही कोरून ठेवतो. फुशारकी आहे, पण दोन हजार वर्षांत ती फारशी खोटी ठरलेली नाही.

भूतपालाने सगळं लेणं केलं की शेवटचा भाग पुरा केला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कारण लेण्यातले बाकीचे भाग दुसऱ्यांच्या नावावर आहेत. मधल्या दाराशी धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाचं नाव आहे, म्हणजे अत्तरं-सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराचं नाव दाराच्या कामापाशी येतं. दगडाच्या लेण्यात सुतार कसा, हा प्रश्न फासळ्यांची गोष्ट वाचल्यावर पडू नये. एका वेदिकेवर लिहिलं आहे की ती घुणिकाची आई भिक्षुणी कोडी हिची देणगी, आणि ती नंदिकाने घडवली. देणारी बाई, घडवणारा कारागीर, दोघांचीही नोंद एका ओळीत. बाई भिक्षुणी झालेली आहे, तरी ओळख मुलाच्या नावाने सांगते.

आतल्या एका खांबावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भिक्खूचा लेख आहे. तो धम्मुत्तरीय पंथाचा 'भाणक' होता, म्हणजे धर्मग्रंथ मुखोद्गत असलेला आणि ते म्हणून दाखवणारा. पुस्तकं नव्हती तेव्हा ग्रंथ अशा माणसांच्या जिभेवर जिवंत राहत. त्याने दिलेला खांब 'ससरीर' आहे असं लेख म्हणतो, म्हणजे ज्यात पवित्र अवशेष ठेवला आहे असा. म्हणजे या लेण्यात पूजेची वस्तू फक्त स्तूपापुरती नव्हती, एका खांबातही होती.

बाहेर, दर्शनी भागाच्या डाव्या हाताला, उंच सिंहस्तंभ आहे. सोळा पैलूंचा, वर पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह. त्यावर लेख: गोतीचा पुत्र महारठी अग्निमित्रणक याने दिलेला सिंहखांब. महारठी म्हणजे त्या काळातला मोठा सरदार. दान मोठं आणि जागाही सगळ्यांच्या नजरेत भरणारी. सत्ता असलेल्या माणसाने दर्शनी जागा घेतली यात नवल नाही. आत मात्र सगळे एका रांगेत.

आणि यवन? आतल्या खांबांवर 'धेनुकाकटच्या यवनाचं दान' असे अनेक लेख आहेत. यवन हा शब्द मुळात ग्रीकांसाठी, पुढे पश्चिमेकडून आलेल्या परक्यांसाठी. पण त्यांची नावं बघा: सिहधय म्हणजे सिंहध्वज, धम्म, अशी. नावं अस्सल इथली. म्हणजे ते ग्रीक वंशाचे होते आणि इथे रुळून बौद्ध झाले, की 'यवन' ही व्यापाऱ्यांच्या एका गटाची ओळख झाली होती, यावर अजून वाद चालू आहे. जुन्नरच्या लेण्यांतही यवनांची दानं आहेत, तिथे इरिल नावाच्या एकाने पाण्याची दोन टाकी दिली आहेत. त्याचं नाव काही इथलं वाटत नाही.

धेनुकाकट नक्की कुठे होतं, हे कोडंच आहे. पुण्यात राहणारे गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी या प्रश्नामागे हात धुऊन लागले होते. नोकरी मुंबईत असल्यामुळे ते डेक्कन क्वीनने जा-ये करत, म्हणजे याच दरीतून. मावळात पायी भटकून त्यांनी लेणी, जुन्या वाटा आणि देवींची ठाणी यांची सांगड घालायचा प्रयत्न केला. धेनुकाकट कार्ल्याच्याच परिसरात होतं असं त्यांचं मत. इतरांनी ते दूर, वेगवेगळ्या ठिकाणी नेऊन ठेवलं आहे. मला कोसंबींचं म्हणणं पटण्याजोगं वाटतं ते एका साध्या कारणाने: एकाच गावचे इतके लोक, गंध्यापासून सुतारापर्यंत, एकाच लेण्याला वर्गणी देतात, तर ते गाव फार लांबचं नसावं. हा काही पुरावा नाही, नुसता अंदाज आहे.

मग राजे कुठे होते?

राजे होते, पण त्यांनी लेणं दिलं नाही, गाव दिलं. हा फरक महत्त्वाचा आहे. लेणं एकदा खोदलं की झालं, पण तिथे राहणाऱ्यांना दरवर्षी जेवायला लागतं. गाव दान द्यायचं म्हणजे त्या गावचं उत्पन्न भिक्खूसंघाकडे वळवायचं.

कार्ल्यातला एक मोठा लेख उषवदाताचा आहे. हा क्षहरात घराण्यातला क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपान याचा जावई. नहपानाची सत्ता वायव्येकडून येऊन या मुलखावर पसरली होती. उषवदात सांगतो की त्याने ब्राह्मणांना गाई दिल्या, गावं दिली, दरवर्षी ब्राह्मणभोजनं घातली, आणि वलूरकच्या लेण्यांत राहणाऱ्या चारी दिशांच्या भिक्खूसंघाच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिलं. एकाच लेखात ब्राह्मणही आणि बौद्ध भिक्खूही. आज आपण जितक्या कडक रेघा मारतो तितक्या त्याने मारलेल्या दिसत नाहीत.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. किती साफ पराभव, हे बघायला नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला सापडलेला नाण्यांचा साठा पुरेसा आहे: १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी नहपानाची, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा उमटवलेला. नाणी गेली, राज्य गेलं. आणि कार्ल्याचं गाव? गौतमीपुत्राचा मानला जाणारा एक लेख चैत्यगृहातच आहे. मामालच्या अमात्याला दिलेला तो हुकूम आहे: वलूरकच्या भिक्खूंना करजक गाव दिलं आहे. म्हणजे शत्रूचं दान नव्या राजाने मोडलं नाही, आपल्या नावाने चालू ठेवलं. सरकार बदललं तरी भिक्खूंचं धान्य थांबलं नाही. यात श्रद्धा किती आणि घाटाची वाट आपल्या बाजूला ठेवायचं शहाणपण किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या काळातही दानं आली. त्याच्या राज्याच्या २४व्या वर्षी हरफरण नावाच्या उपासकाने नऊ खोल्यांचा मंडप महासांघिक पंथाच्या भिक्खूंना दिला. हरफरण आणि त्याच्या बापाचं नाव सेतफरण, ही दोन्ही इराणी वळणाची नावं आहेत. बोरघाटाच्या माथ्यावर कुठकुठली माणसं येऊन टेकत होती, याचा अंदाज यावरून येतो.

मूर्ती कुठे आहे?

देहूरोडच्या बुद्धविहारातून थेट कार्ल्याला आलेल्या माणसाला एक गोष्ट खटकते. देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या आधी जवळजवळ दोन वर्षं. तिथे मूर्ती हे विहाराचं हृदय आहे. मग कार्ल्याच्या एवढ्या मोठ्या चैत्यगृहात समोर मूर्ती का नाही?

कारण ते घडलं तेव्हा बुद्धाची मूर्ती पूजायची रीत इथे आली नव्हती. बुद्ध दाखवायचा तो चिन्हांनी: स्तूप, बोधिवृक्ष, चक्र, पावलं. स्तूप हाच बुद्ध, त्याची प्रदक्षिणा हीच पूजा. काही माहितीफलक आणि पुस्तकं अशा लेण्यांना सरसकट 'हीनयान लेणी' म्हणतात. तो शब्द टाळलेला बरा. एक तर तो विरोधी पंथाने दिलेला, कमीपणा दाखवणारा शब्द आहे. शिवाय कार्ल्याचे भिक्खू स्वतःला महासांघिक म्हणवतात. त्या पंथाचं नातं महायानाच्या उगमाशी जोडलं जातं. मूर्ती नाही म्हणजे अमुक पंथ, इतकं सोपं गणित बसत नाही.

पण दर्शनी भिंतीवर बुद्ध आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास, मूळ काम होऊन चार-पाचशे वर्षं उलटल्यावर ते कोरले गेले. दारांच्या आजूबाजूला मूळचं शिल्प म्हणजे उंच, भरदार स्त्री-पुरुषांच्या जोड्या. कमरेला मेखला, हातात कडी, चेहऱ्यावर मोकळा आनंद. ही पश्चिम भारतातल्या जुन्या शिल्पकलेतली सर्वांत देखणी माणसं आहेत असं मी म्हणेन. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना हत्ती आहेत, जणू वरच्या मजल्यांचा भार पाठीवर घेऊन उभे. बुद्धाच्या मूर्ती या सगळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत आणि काही ठिकाणी जुनी वेदिकेची नक्षी तासून बसवल्या आहेत. जवळून बघितलं तर शिवण दिसते: जुन्या नक्षीचा पट्टा एकाएकी तुटतो आणि तिथे मूर्तीची चौकट सुरू होते. जुनी माणसं गोल, मांसल; नवे बुद्ध शांत, आखीव. एकाच भिंतीवर दोन काळ एकमेकांना खेटून उभे आहेत.

आणि एकवीरा

चैत्यगृहाच्या दाराशी आज पहिली गाठ पडते ती आई एकवीरेच्या देवळाशी. सिंहस्तंभ एका बाजूला, देऊळ दुसऱ्या बाजूला. तिथेही पूर्वी असाच दुसरा स्तंभ असावा असं मानतात. एकवीरा ही कोळी, आगरी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातल्या अनेक घराण्यांची कुलदेवता. चैत्रात यात्रा भरते, मुंबई, ठाणे, रायगडच्या किनाऱ्यावरून पालख्या येतात. पायथ्याच्या वेहेरगावच्या पायऱ्यांवर तेव्हा हार-फुलं, ओटीची ताटं आणि ब्रास बँड यांच्यातून वाट काढावी लागते.

लेणी बघायला आलेल्यांपैकी काहींना या देवळाची अडचण वाटते. मूळ दर्शनी भाग झाकला जातो, हे खरंच आहे. पण देवीला उपरी म्हणण्याआधी कोसंबींचा एक मुद्दा ऐकावा. डोंगरातल्या जुन्या वाटा जिथे एकत्र येतात तिथे देवीची ठाणी असतात, आणि भिक्खूंनीही लेण्यांसाठी अशाच जागा निवडल्या, असं त्यांना सह्याद्रीत फिरताना दिसलं. तसं असेल तर लेणं आधी की देवी आधी, या प्रश्नाचं उत्तर आपण समजतो तितकं सरळ नाही. एवढं मात्र नक्की की समुद्राकाठची माणसं घाट चढून याच कड्यापाशी येतात आणि आपल्या ऐपतीप्रमाणे काहीतरी वाहून जातात. सोपाऱ्याचा सातिमितही त्याच वाटेने आला होता.

जायचं असेल तर चैत्रातली यात्रा आणि रविवार टाळा. आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी लवकर गेलात तर चैत्यगृह जवळजवळ रिकामं मिळतं. चैत्यगृह भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असल्याने तिकीट लागतं. छोटी विजेरी बरोबर ठेवा, पण ती खांबांवरच्या लेखांवर तिरपी धरा, समोरून धरली तर अक्षरं सपाट दिसतात. झिजलेली अक्षरं बोटाने चाचपू नका. परतताना मळवलीला दुपारच्या लोकल विरळ असतात, त्यामुळे वेळापत्रक बघूनच डोंगर उतरायला लागा, नाहीतर स्टेशनवर बसून राहण्यापेक्षा तो वेळ भाज्याला घालवा.